पायातल्या काट्याला सर्जन कशाला?

लातूरचे आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याकडे १९७६ सालची मार्क थ्री अँबेसिडर आहे, सायीच्या रंगाची. तिच्याबद्दल ते पक्षकाराबद्दल बोलावं तसं बोलतात, म्हणजे दुसऱ्याला मध्ये तोंड उघडू न देता. गेल्या दिवाळीत औसा रोडला त्यांच्या घरी आम्ही जुन्या गाड्या पाळणारे सहा-सात जण फराळाला जमलो होतो. उदगीरहून एक जीप आली होती, अहमदपूरहून एक स्टँडर्ड हेराल्ड, आणि नांदेडहून माझी पद्मिनी. बोलता बोलता हेराल्डवाल्यानं मागचा दिवा मिणमिणतो अशी तक्रार केली आणि वकीलसाहेबांनी निकालच देऊन टाकला : "जुन्या गाडीच्या वायरीला मालकानं हात लावणं म्हणजे स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन स्वतः करणं. एक तर गाडी पेटेल, नाहीतर तिचं अस्सलपण जाईल. तज्ज्ञाकडे द्या, आख्खी वायरिंग बदलून घ्या आणि मोकळे व्हा." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात अनारसा होता. आता नाही.

आधी ते ऑपरेशन घेऊ. आमच्याकडे रानात गेलेल्या माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला तर तो सर्जन शोधत नाही. उजेडाला बसतो, सुई विस्तवावर धरतो, दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगतो आणि काटा काढतो. काढता नाही आला, पू झाला, तर दवाखाना आहेच. मंद झालेला दिवा, न लुकलुकणारा इंडिकेटर, दोनदा वाजून तिसऱ्यांदा रुसणारा हॉर्न, टाकी भरली तरी तळाला चिकटून बसलेला पेट्रोलचा काटा, हे सगळे काटेच आहेत. त्यांना पोटाचं ऑपरेशन म्हणणं ही वकिली झाली.

आणि आता साहेबांच्याच गाडीचा खटला उभा करतो, कारण त्यात मी साक्षीदार आहे. तीन वर्षांपूर्वी अँबेसिडर एका मोठ्या शहरात रंगाला गेली. पत्रा पार उघडा करून, प्रायमर मारून, चार हात देऊन परत आली तेव्हा तिच्यात दाढी करता येईल इतकी चमक होती. फक्त डावा इंडिकेटर दिला की मागचा टेललाईटही त्याच्याबरोबर डोळे मिचकावायचा, आणि ब्रेक दाबला की दोघंही मान टाकायचे. गाडी पुन्हा त्याच कारखान्यात. दीड महिना, पाच आकडी बिल, आख्खी नवी वायरिंग. परत येताना मुरूडपर्यंत पोचेपोचेतो डोळे मिचकावणं पुन्हा सुरू.

त्या रविवारी मी लातुरात होतो. मागच्या दिव्याचा सांगाडा ज्या बोल्टानं पत्र्याला धरलेला असतो तो सोडला. बोल्टाखाली, वॉशरखाली, भोकाच्या कडेला सगळीकडे तोच सुंदर सायीचा रंग. तेवढा टिचभर रंग चाकूनं खरवडला, पॉलिश पेपर मारला, नवा वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वर बोटभर व्हॅसलीन लावलं. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा चहात गेली. त्यानंतर दोन पावसाळे झाले, दिवा आपल्या जागी गुमान जळतोय. साहेब म्हणतात, तो इलाज "तात्पुरता" आहे.

यात जादू काही नाही. घरातल्या दिव्याला दोन वायरी जातात. या गाड्यांत बहुतेक दिव्यांना एकच जाते, परतीची वाट म्हणजे गाडीचं अंग. वीज बॅटरीतून निघते, दिव्यातून जाते आणि पत्र्यातून, चासीतून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. मिस्त्री लोक या परतीला 'अर्थ' म्हणतात. ही वाट जिथं बोल्टानं पत्र्याला भिडते तिथं गंज चढला किंवा रंग बसला की वीज अडते. अडलेली वीज गप्प बसत नाही, शेजारच्या दिव्यातून उलटी वाट काढते. म्हणून इंडिकेटरबरोबर टेललाईट लुकलुकतो. नवी वायरिंग घातली म्हणून त्या बोल्टाखालचा रंग निघेल कसा? घराच्या नळाला पाणी येत नाही म्हणून गल्लीतली पाइपलाइन उखडायची आणि मोरीची तुंबलेली जाळी तशीच ठेवायची, असला हा प्रकार.

माझं तर पुढचं म्हणणं आहे, आणि ते रंगारी मित्रांना आवडणार नाही. हौसेनं जपलेल्या गाडीच्या विजेच्या बहुतेक कुरबुरी तिच्या वयानं होत नाहीत, तिच्या लाडानं होतात. गाडी जितकी चकचकीत तितकी तिची अर्थ नासकी. जी टॅक्सी रोज दोनशे किलोमीटर पळायची तिचे स्विच रोज घासून स्वच्छ राहायचे, तिचा रंग उडून पत्रा पत्र्याला भिडलेला असायचा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, त्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे गेल्या. दिवे लागत नव्हते म्हणून नाही. आपल्या गाड्या चादरीखाली महिनोन् महिने उभ्या राहतात, फ्यूजच्या पितळी चिमट्यांवर हिरवट थर धरतो, बॅटरीतलं पाणी नांदेडच्या चव्वेचाळीस अंशांत उडून जातं आणि कुणीतरी त्यात बोअरचं क्षारट पाणी भरतो. मग आपण म्हणतो, जुनी गाडी आहे, वायरिंग गेली.

इथं लातूरकरांना एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. उभ्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' शिकवणारं हे गाव. ओमचा नियम इथल्या पोरांना झोपेत विचारला तरी येतो. त्याच गावात बारा व्होल्टच्या वायरीला घाबरणारी मोठी माणसं राहतात. हिशेब तर करू. हेडलाईटचा बल्ब ५५ वॅटचा, दोन मिळून ११० वॅट, बारा व्होल्टनं भागलं की नऊ अँपियरच्या वर वीज. वाटेत गंजलेल्या एका सांध्याचा अडथळा एक दशांश ओमचा धरा, अगदीच क्षुल्लक. नऊ गुणिले एक दशांश, म्हणजे जवळपास एक व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडला. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी पडले की उजेड दहा टक्क्यांनी कमी होत नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी होतो. चाकूरजवळ रात्री उसाची ट्रॉली दिव्याविना समोर उभी असते तेव्हा हे तीस टक्के कुठं गेले ते कळतं.

शोधायचं कसं, तर मी आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलेला माणूस आहे आणि माझ्याकडे दोन हत्यारं आहेत. एक टेस्ट लॅम्प : इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी आणि दोन चिमटे. दुसरं मल्टिमीटर. नवखे लोक फक्त मल्टिमीटरवर विश्वास ठेवतात आणि फसतात. दहा तारांतली एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो वीज जवळपास घेतच नाही. दोन बोटांनी ओढून पाहिलं तर दोर मजबूत वाटतो, बादली लावली की तुटतो. टेस्ट लॅम्प म्हणजे ती बादली. मल्टिमीटर खरा कामाला येतो तो वेगळ्या रीतीनं. दिवा चालू ठेवायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरं दिव्याच्या सांगाड्याला लावायचं. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की चोर परतीच्या वाटेवर आहे, समोरच्या वायरींना हात लावण्याची गरज नाही.

माझ्यावरच गुदरलेला एक प्रसंग सांगतो. पद्मिनीचा क्लच बदलून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून सेल्फ मारला की नुसता 'टक्'. एकानं सांगितलं बॅटरी गेली. नवी घेतली. तरी टक्. दुसऱ्यानं सांगितलं सेल्फ गेला, खोला. खोलायच्या आधी शेवटचं म्हणून चावी धरून ठेवली तर डॅशबोर्डाखालून धूर, आणि चोकची तार हाताला चटका बसेल इतकी तापलेली. चोकच्या तारेचा आणि सेल्फचा संबंध काय? तर इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून त्याला चासीशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी असते. क्लचच्या कामात ती सोडली आणि परत लावायची राहिली. सेल्फ शंभर-दीडशे अँपियर मागतो. त्याला परतायला वाटच उरली नव्हती, म्हणून तो बिचारा चोकच्या तारेतून परतत होता. पट्टी गिअरबॉक्सच्या आडोशाला लोंबकळत सापडली. एक बोल्ट, एक पाना. नवी बॅटरी मी तशीच ठेवून घेतली, दुकानदार परत घेईना.

आता आगीचा मुद्दा. वकीलसाहेबांचा हाच एक मुद्दा दमदार आहे आणि तो मी टाळणार नाही. जुन्या गाड्या पेटतात. पण कशानं पेटतात? बारा व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही (इग्निशन कॉइलची जाड वायर सोडून. तिच्यात हजारो व्होल्ट असतात, इंजिन चालू असताना तिच्या वाटेला जाऊ नये). धोका झटक्याचा नसतो, उष्णतेचा असतो. वायर जेवढी वीज पेलते त्याहून जास्त तिच्यातून गेली की ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं. हे होऊ नये म्हणून फ्यूज असतो. पद्मिनीत तो चिनीमातीच्या कांडीवर धातूची पट्टी असलेला, दोन्ही टोकांना निमुळता असतो. त्याचं कामच आधी मरायचं. आणि त्याला मरू न देणारी माणसं आपल्या रस्त्यारस्त्यावर आहेत. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, नाहीतर तांब्याची तार बांधली, "साहेब, आता कधीच उडणार नाही." खरंय. आता फ्यूज उडणार नाही, गाडी उडेल.

ही चांदी मालकानं गुंडाळलेली नसते. बोनेट न उघडणाऱ्या मालकाच्या गाडीत दुसऱ्या कुणीतरी गुंडाळलेली असते आणि मालकाला ती दहा वर्षं दिसलेली नसते. उदगीरच्या त्या जीपमध्ये १००/९० वॅटचे बल्ब बसवलेले आहेत, उजेड झकास. दोनशे वॅट, म्हणजे सतरा अँपियरच्या आसपास, आणि ते सगळे कमी वॅटच्या दिव्यांसाठी केलेल्या जुन्या स्विचमधून जातायत. स्विचला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण येते. तो तज्ज्ञाकडूनच बसवून घेतलेला माल आहे, पावतीसकट. तिथं एक रिले हवा. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात : ३०ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे वायर, ८७ दिव्याकडे, ८५ आणि ८६ मध्ये स्विचचा इशारा आणि अर्थ. मग स्विचमधून नुसता निरोप जातो, ओझं रिले वाहतो. ज्यानं एकदा आपल्या हातानं हे आकडे जोडले त्याला आयुष्यात कुणी चांदी गुंडाळून देऊ शकत नाही. आगीच्या भीतीवरचा माझा उतारा हाच आहे, आणि वकीलसाहेबांचा उतारा त्याच्या नेमका उलटा आहे : पाहूच नका.

काळजी घ्यायची ती घ्यावीच. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं अर्थचं टोक सुटलं पाहिजे, आणि ते सगळ्यात शेवटी जोडायचं, म्हणजे पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. अंगठी आणि स्टीलचं घड्याळ काढून ठेवायचं. आणि आपली गाडी कुठल्या घरची आहे ते आधी पाहायचं. पन्नाशीच्या दशकातल्या बऱ्याच इंग्रज गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थला असतो, मायनस नाही. युद्धकाळातली विलीज जीप तर बारा नव्हे, सहा व्होल्टची. तिच्यावर आजची बॅटरी ठेवून सेल्फ मारणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

अस्सलपणाबद्दल तर साहेबांनी बोलूच नये. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असली पाहिजे आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, एवढी ती अट. बोल्टाखालचा रंग खरवडल्यानं गाडीचं वय कमी होत नाही. अस्सलपण जातं कशानं, तर आख्ख्या नव्या वायरिंगनं. अँबेसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तिच्या वायरींना लुकासच्या रंगांची भाषा आहे. काळी म्हणजे अर्थ, तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढं गेलेली, निळी हेडलाईटची, लाल टेललाईटची. ही भाषा एकदा कळली की अंधारात टॉर्च धरूनसुद्धा गाडी वाचता येते. साहेबांच्या नव्या वायरिंगमध्ये सगळ्या वायरी लाल आणि काळ्या आहेत, कारण कारखान्यात त्या दिवशी तेवढेच रंग होते. शिवाय त्यांनी मूळ डायनमो काढून आल्टरनेटर बसवून घेतलाय. मला त्याबद्दल तक्रार नाही, चार्जिंग चांगलं होतं. पण हे करून मग माझ्या पॉलिश पेपरवर अस्सलपणाचा दावा लावायचा, हे जरा जास्तच झालं.

लुकासचं नाव निघालं म्हणून सांगतो. बर्मिंगहॅमच्या या कंपनीला इंग्लंड-अमेरिकेतले शौकीन 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात, इतके तिच्या विजेचे किस्से. आपल्याकडे तीच १९६१मध्ये टीव्हीएसशी भागीदारी करून लुकास-टीव्हीएस म्हणून आली आणि तिचे सेल्फ-डायनमो आपल्या धुळीत, खड्ड्यांत दशकानुदशकं फिरले. बदनामी कंपनीच्या वाट्याला गेली, पण माझ्या हाताखालून गेलेल्या दर दहा तक्रारींत आठ तरी वायरीच्या टोकाचा सैल थिमल आणि गंजलेली अर्थ निघाली आहे.

फराळाच्या वेळी जीपवाल्यानं एक भावनिक मुद्दाही काढला होता : आपणच सगळं करायला लागलो तर इलेक्ट्रिशियननं काय खावं? देगलूर नाक्याकडे एक म्हातारे उस्ताद आहेत, ट्रकांवर हात बसलेले, आर्मेचर स्वतः भरतात. नव्या पोरांच्या हातात स्कॅनर असतो आणि माझ्या गाडीला तो लावायला भोकच नाही, म्हणून ते तिच्याकडे म्हशीकडे पाहावं तसं पाहतात. उस्तादांकडे मी डायनमो नेतो, सेल्फचे बुश नेतो, कटआऊटची जुळणी नेतो, कारण त्या कामाला त्यांचाच कान लागतो. एकदा नुसता सैल थिमल घेऊन गेलो तर म्हणाले, "उगं कशाला आलात? हे घरी दाबता येत नव्हतं का? माझा दिवस गेला ना." त्यांच्या पोटाची काळजी त्यांना माझ्याहून जास्त आहे.

माझ्याही हातून चुका झाल्यात, आणि त्या साहेबांना माहीत आहेत, म्हणून मीच सांगून टाकतो. सुरुवातीला मी दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळायचो. मे महिन्यात टेपचा डिंक पातळ होऊन टेप निसटला, उघडी वायर पत्र्याला टेकली आणि हॉर्नचा फ्यूज गेला. फ्यूज होता म्हणून नुसता फ्यूजच गेला. तेव्हापासून थिमल दाबून बसवतो किंवा झाळतो. दुसरी चूक एलईडीची. कमी वीज खातात म्हणून इंडिकेटरला घातले आणि ते लुकलुकेचनात, नुसते लागून राहिले. जुना फ्लॅशर आतली पट्टी तापली की तुटतो आणि गार झाली की जुळतो. त्याला ४२ वॅटचं ओझं लागतं, एलईडीच्या चिमूटभर विजेनं तो तापतच नाही. दोन दिवस मी फ्लॅशरला शिव्या दिल्या आणि मग जुने बल्ब परत घातले.

आणि एका जागी साहेबांचं म्हणणं मला मान्य आहे. दिवाळीनंतर सोयाबीनची पोती जिथं थापलेली असतात त्याच पडवीत गाडी उभी केली तर उंदीर आधी पोती खातात आणि मग वायरी. दहा ठिकाणी कुरतडलेली, किंवा वाकवली की वरचं रबर चुरा होऊन हातात येणारी वायरिंग दिसली तर तिथं बोल्ट आवळत बसू नये. ती बदलायचीच, रंग जुळवून, जाडी जुळवून, आणि शहाण्या माणसाकडून. पण हे कळायलाही कुणाला तरी बोनेट उघडून, वायर बोटांत धरून वाकवून पाहावी लागते.

परवा रात्री साडेनऊला साहेबांचा फोन आला. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डावरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही, बॅटरी दोन दिवसांत उतरते, आणि कारखान्यानं फोनवरच सांगितलंय की आल्टरनेटर गेला, नवा मागवा. मी विचारलं, त्या लाल दिव्याचा बल्ब पाहिलात का? बऱ्याच आल्टरनेटरना जागं करणारी पहिली वीज त्याच बल्बातून जाते. तो गेला की आल्टरनेटर धडधाकट असूनही झोपून राहतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आवाज खाली आणून, बहुधा घरात कुणी ऐकत असावं, त्यांनी विचारलं, "तो बल्ब पुढून निघतो की मागून?"